चार खेळाडू, पाच मतं

आमच्या घरात राजकारणावरून फारसं भांडण होत नाही. क्रिकेटवरून होतं, पण ते सामना संपला की संपतं. एका कॉम्प्युटर गेमवरचा वाद मात्र गेली तीस वर्षं सुरू आहे आणि तो मिटावा असं कुणालाच मनापासून वाटत नाही. त्या गेमचं नाव ‘गॅब्रिएल नाइट : सिन्स ऑफ द फादर्स’. मराठीत सांगायचं तर ‘बापजाद्यांची पापं’. या नावाकडे आम्ही पहिली पंचवीस वर्षं नुसतं नाव म्हणूनच पाहिलं. त्यातली ‘पापं’ घरात शिरली ती अगदी अलीकडे, आणि म्हणूनच हा लेख.

ज्यांनी असले गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. यात बंदूक चालवायची नसते, गाडी पळवायची नसते, घड्याळाशी शर्यत क्वचितच असते. पडद्यावर एक चित्र असतं, समजा जुन्या पुस्तकांचं दुकान. माउस फिरवायचा, वस्तूंवर क्लिक करायचं. बघ, उचल, उघड, ढकल, विचार. माणूस भेटला की त्याला एकेका विषयावर प्रश्न विचारायचे. हाती लागलेल्या वस्तू खिशात जपून ठेवायच्या आणि कुठली कुठे उपयोगी पडेल याचा विचार करत रात्री झोप घालवायची. ‘पॉइंट-अँड-क्लिक’ म्हणतात या प्रकाराला. मला विचाराल तर हे रहस्यकथा वाचण्यासारखंच आहे. फरक इतकाच, की आपल्याला कोडं सुटल्याशिवाय पुस्तक पुढचं पान उलटू देत नाही.

हा गेम १९९३ च्या डिसेंबरात आला. कॅलिफोर्नियातल्या ओकहर्स्ट या योसेमिटीजवळच्या लहानशा गावी सिएरा नावाची कंपनी होती, तिने तो काढला. लिहिला जेन जेन्सन या लेखिकेने आणि संगीत दिलं रॉबर्ट होम्स यांनी. कथानायक गॅब्रिएल नाइट न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये जुन्या पुस्तकांचं दुकान चालवतो. दुकान चालत नाही, त्याच्या कादंबऱ्याही चालत नाहीत. शहरात व्हूडूच्या खुणा सोडणारे खून होतात, त्याचा पोलीसमित्र मोझली तपास करतो आणि हा कादंबरीला मसाला मिळेल म्हणून मागे मागे फिरतो. त्याला रोज रात्री एकच वाईट स्वप्न पडतं. दहा दिवसांची ही गोष्ट. हळूहळू कळतं, की खुनांचा धागा त्याच्याच घराण्यापर्यंत पोचतो. हे घराणं मूळचं जर्मनीतलं. त्यातल्या एकेका पिढीकडे अंधारातल्या शक्तींशी लढण्याचं काम आलेलं, म्हणून त्यांना ‘शाटनयेगर’, म्हणजे सावल्यांचे शिकारी म्हणतात. नारायण धारपांचे समर्थ ज्यांनी वाचलेत त्यांना वेगळं सांगायला नको. मतकरींच्या गूढकथा रात्री पांघरुणात वाचलेल्या माझ्यासारखीला तर हे सगळं ओळखीचंच होतं. फक्त वाड्याच्या जागी किल्ला आणि पिंपळाच्या जागी शेवाळ लोंबणारे ओक.

हा खोका आमच्या घरी आणला माझ्या पुतण्याने, १९९४ च्या उन्हाळ्यात. तो इथेच टेक्सासमध्ये मास्टर्स करत होता आणि सुट्टीत ह्यूस्टनला आमच्याकडे राहायला आला होता. मी तेव्हा अवलंबित व्हिसावर. पदवी होती, अनुभव होता, पण काम करायची परवानगी नव्हती. गाडी नुकतीच शिकत होते. नवरा आणि पुतण्या सकाळी गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि एअर कंडिशनर. त्या वर्षी ज्या बायका माझ्यासारख्या इथे आल्या असतील त्यांना ते दिवस वर्णन करून सांगायची गरज नाही. तर मी माउस हातात घेतला. माझी वही अजून आहे. एका पानावर कोथिंबीर, तूरडाळ, पोहे, आणि त्याच्याच खाली व्हूडूच्या खुणांची आकृती. पुतण्या घरात पाऊल टाकता टाकताच विचारायचा, “काकू, कुठवर पोचलात? अजून मोटरसायकलवरच्या पोलिसापाशीच का?”

आता मतभेदांकडे वळते.

पहिला मतभेद आवाजांचा. या गेममध्ये एक निवेदिका आहे. तुम्ही कशावरही क्लिक करा, ती लुइझियानाच्या हेलात, खर्जात, संथपणे त्या वस्तूबद्दल काहीतरी बोलते, आणि बऱ्याचदा टोमणाही मारते. आवाज व्हर्जिनिया केपर्स या रंगभूमीवरच्या नामवंत अभिनेत्रीचा. खेळणाऱ्यांमध्ये या आवाजावरून सरळ दोन तट पडतात. माझ्या पुतण्याला तो सहन व्हायचा नाही. प्रत्येक खुर्चीवर एवढं प्रवचन कशाला, म्हणायचा. मला मात्र ती बाई फार आवडायची. दिवसभरात माझ्याशी इंग्रजीत निवांत बोलणारी तीच एक होती, आणि माझ्या उत्तराची तिला घाई नव्हती. गॅब्रिएलचा आवाज टिम करीचा. हा मूळ इंग्लंडचा नट, त्याने काढलेला न्यू ऑर्लिन्सचा हेल ऐकून आमची लेक कानावर हात ठेवते. आम्हाला १९९४ साली कुठला हेल खरा न् कुठला खोटा काय कळणार! नवरा या भानगडीत ओढला गेला तो मोझलीच्या आवाजामुळे. तो आवाज मार्क हॅमिलचा, म्हणजे ‘स्टार वॉर्स’च्या ल्यूक स्कायवॉकरचा. “ल्यूक पोलिसात कधी लागला?” म्हणत तो खुर्ची ओढून बसला आणि मध्यरात्रीपर्यंत उठला नाही.

दुसरा मतभेद कोड्यांचा. मोटरसायकलवरचा पोलीस म्हणजे जॅक्सन स्क्वेअरमधलं कोडं. पोलिसाच्या वायरलेसवरचा संदेश ऐकायचा आहे, पण तो गाडीजवळून हलत नाही. चौकात एक मूकाभिनय करणारा विदूषक आहे, तो दिसेल त्याच्या मागे लागून नकला करतो. त्याला आपल्या मागे चालवत पोलिसापाशी न्यायचं, म्हणजे तो पोलिसाच्या मागे लागतो आणि पोलीस वैतागून गाडी सोडतो. मला हे सुचायला दोन दिवस लागले आणि सुचलं तेव्हा मी रिकाम्या घरात मोठ्याने हसले. नवऱ्याला मात्र विदूषकाचं कौतुक नाही. त्याचं आवडतं कोडं आहे सेंट लुई कब्रस्तानातलं. तिथल्या थडग्यावर खुणा काढलेल्या असतात. त्या सांकेतिक लिपीचा अर्थ लावायचा आणि मग तीच लिपी वापरून आपण तिथे निरोप लिहायचा. इंजिनिअर माणूस, जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसला. त्याच्या मते हेच खरं कोडं, कारण ते कागदावर सुटतं. बाकीची म्हणजे लेखिकेच्या मनात काय होतं ते ओळखण्याची अंताक्षरी.

त्याच्या या मताला पुढे भरपूर पुरावा मिळाला. १९९९ साली मालिकेतला तिसरा भाग आला. तो दक्षिण फ्रान्समधल्या रेन-ल-शातो या गावात घडतो. त्यात मोटरसायकल भाड्याने मिळवण्यासाठी गॅब्रिएलला मोझलीचं सोंग घ्यावं लागतं. त्यासाठी काय करायचं, तर चिकटपट्टीने मांजराचे केस मिळवायचे, सिरपने ते ओठावर चिकटवून मिशी करायची, आणि मोझलीला मुळात मिशीच नसल्यामुळे त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोला पेनाने मिशी काढायची. हे कोडं जगभर कुप्रसिद्ध झालं. असले गेम का मागे पडले याची चर्चा निघाली की आजही मांजराच्या मिशीचा दाखला दिला जातो. गंमत अशी, की त्याच भागात ‘ल सेरपाँ रूज’ नावाचं एक लांबलचक कोडं आहे. कविता वाचायची, नकाशावर वर्तुळं, चौकोन, रेषा काढत जायचं आणि डोंगरातली एक जागा शोधायची. ते अनेकांना या प्रकारातलं सर्वोत्तम वाटतं. नवरा त्यात आठवडाभर बुडाला होता. एकाच गेममध्ये सगळ्यात वाईट आणि सगळ्यात उत्तम कोडं असावं, हे आपल्या मंडळाच्या गणपतीतल्या करमणुकीच्या कार्यक्रमासारखंच झालं म्हणायचं.

पुतण्याचा जीव मात्र दुसऱ्या भागात. १९९५ चा ‘द बीस्ट विदिन’ खऱ्या नटांना घेऊन चित्रित केलेला होता आणि सहा सीडींवर आला होता. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग, त्याचा नॉयश्वानस्टाइनचा किल्ला, १८८६ साली तळ्यात झालेला त्याचा गूढ मृत्यू आणि माणसाचा लांडगा होण्याची दंतकथा, हे सगळं त्यात गुंफलं आहे. पुतण्या त्यापायी जर्मनीला जाऊन तो किल्ला बघून आला. मी तो भाग खेळले, आवडलाही, पण खऱ्या माणसांना क्लिक करून चालवताना मला अवघडल्यासारखं होतं. चित्रातला गॅब्रिएल मी मनाने रंगवू शकत होते, हा तर कुणीतरी परका माणूस वाटला.

आमची लेक १९९६ ची. तिने यातलं काहीच लहानपणी पाहिलेलं नव्हतं. २०१४ साली, वीस वर्षं झाली म्हणून, पहिल्या भागाची नवी आवृत्ती निघाली. चित्रं नव्याने काढलेली, आवाज नवे, संगीत होम्स यांनीच पुन्हा केलेलं, अडलं तर सूचना मिळण्याची सोय आणि काही कोडी बदललेली. २०२० च्या टाळेबंदीत लेक घरी परत आली आणि वेळ जाईना म्हणून तिने ती खेळायला घेतली. आम्ही तिघं मागे उभे. “टिम करी नाही?” “तो ठिपक्याठिपक्यांचा पडदाच बरा होता.” “माणसं लाकडी बाहुल्यांसारखी चालतायत.” शेवटी लेक म्हणाली, “तुम्ही गेम बघताय की तुमची १९९४ ची दिवाणखान्याची आठवण?” मग तिने जुनी आवृत्तीही विकत घेऊन खेळली आणि निवाडा दिला : नव्यात चित्रं चांगली, जुन्यात माणसं चांगली. यावर घरात प्रथमच चौघांचं एकमत झालं.

पण तेवढंच. गॅब्रिएल दिसेल त्या बाईशी लाडीगोडी करतो, दुकानातल्या ग्रेसला कायम टोमणे मारतो. ग्रेस नाकिमुरा ही जपानी अमेरिकन मुलगी, याच्याहून कितीतरी अधिक शिकलेली. तरी ती याचे फोन घेते आणि याच्यासाठी ग्रंथालयात खपते. ती नसती तर हा पहिल्या दिवशीच अडकला असता. मला तेव्हा तिच्याबद्दल फार आपुलकी वाटायची, का ते वर आलंच आहे. गॅब्रिएलच्या बोलण्यावर मी हसायचेही, कारण ग्रेस त्याला सव्याज परत करायची. लेकीला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. “आई, हा माझा बॉस असता तर तू हसली असतीस?” तिचा मुद्दा मला पटतो. तरीही ग्रेसचं उत्तर आलं की मला हसू येतंच.

खरा वाद पेटला तो व्हूडूवरून. लेकीचं म्हणणं, की एका गोऱ्या माणसाने काळ्या लोकांच्या धर्मातल्या दुष्टांना हरवावं, यात नवं ते काय? पुतण्या फोनवरून म्हणाला, लेखिकेने अभ्यास केलाय, गेममध्ये विद्यापीठातला प्राध्यापक येतो, संग्रहालय येतं, खरा धर्म आणि त्याच्या नावाखालचा बाजार यातला फरक सांगितलाय. दोघांचंही खरं आहे. न्यू ऑर्लिन्सला आम्ही दोनदा गेलो. ह्यूस्टनहून सरळ पूर्वेला सहा तासांचा रस्ता. १९९५ साली गेलो तेव्हा त्या कब्रस्तानात कुणीही फिरू शकत होतं. मारी लावो ही व्हूडूची राणी म्हणून ओळखली जाणारी बाई १८८१ साली वारली. तिच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या थडग्यावर लोकांनी नवसाच्या फुल्या मारून मारून गिलावा खराब केला होता. २०१३ साली तर कुणीतरी ते चक्क गुलाबी रंगवून टाकलं. २०१५ पासून वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. दुसऱ्या खेपेला आम्ही असे वाटाड्याबरोबर गेलो. लेक बरोबर होती. त्याने सांगितलं, की मारी लावो कॅथलिक होती आणि तिला त्यात काही विसंगत वाटत नसे. पुढे त्याने आम्हाला काँगो स्क्वेअरला पाठवलं. गुलामांना रविवारी तिथे जमून नाचगाणं करायची मुभा असे. आफ्रिकेतून आणलेले ताल तिथेच टिकले. या धर्माचं मूळ ज्या बेनिन देशात, तिथे आज दरवर्षी जानेवारीत त्याची राष्ट्रीय सुट्टी असते.

मी लेकीची बाजू घेतली, त्याला एक कारण होतं. १९८४ साली ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ आला होता. अमरीश पुरी कालीमातेपुढे जिवंत माणसाचं काळीज काढतात आणि राजवाड्यात माकडाचा मेंदू वाढला जातो, तोच तो. चित्रीकरणाला भारतात परवानगी मिळाली नाही म्हणून तो श्रीलंकेत केला. तो चित्रपट येऊन वीस वर्षं झाल्यावरही माझ्या लेकीला शाळेत एका मुलाने विचारलं होतं, “तुम्ही घरी खरंच माकडाचा मेंदू खाता का?” आपल्यातल्या कितीजणांच्या मुलांनी हा प्रश्न ऐकला असेल! तेव्हा आपली देवी पडद्यावर राक्षसीण झालेली आपल्याला खुपते, तर न्यू ऑर्लिन्सच्या आजीला तिचे देव तसे झालेले खुपणारच. नवऱ्याने नेहमीप्रमाणे मध्यम मार्ग काढला : “पण हा गेम पाप कुणाच्या माथी मारतो ते तरी बघा.”

त्याचं हे वाक्य महत्त्वाचं ठरलं. ज्यांना गेम स्वतः खेळायचा आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील.

गॅब्रिएलची आजी हयात आहे. तिच्या माळ्यावर आजोबांचं जुनं घड्याळ आहे. ते विशिष्ट तऱ्हेने लावलं की चोरकप्पा उघडतो आणि त्यात जर्मनीहून आलेलं जुनं पत्र सापडतं. आजोबांचं मूळ नाव हाइन्झ रिटर. अमेरिकेत आल्यावर त्यांनी ते हॅरिसन नाइट केलं. जर्मनमध्ये रिटर म्हणजे इंग्रजीतला नाइट, म्हणजे आडनावाचा नुसता अनुवाद. आजोबांनी नाव बदललं, घराण्याबद्दल मुलांना अवाक्षर सांगितलं नाही आणि जे काही होतं ते घड्याळात बंद करून टाकलं. मी १९९४ साली हा भाग खेळले तेव्हा मला आजोबांबद्दल फक्त कुतूहल वाटलं होतं. आता आम्हीच त्या आजोबांच्या जागी आहोत.

रिटर घराण्याची स्वतःबद्दलची गोष्ट अशी, की आम्ही थोर होतो, आमचा पिढीजात ताईत हातचा गेला आणि तेव्हापासून आम्हाला उतरती कळा लागली. म्हणजे काय काय गमावलं त्याची गोष्ट. पुढे पूर्वज गुंटर रिटरची रोजनिशी वाचायला मिळते आणि कळतं, की १६९३ साली चार्ल्सटनमध्ये गुंटरचं टेटेलो नावाच्या गुलाम स्त्रीवर प्रेम होतं आणि त्याच्याच शब्दामुळे तिला जिवंत जाळण्यात आलं. ताईत गेला तो यानंतर. ‘बापजाद्यांची पापं’ ती ही. तीनशे वर्षांनंतरच्या खुनांचं मूळ तिथे आहे.

हा भाग संपल्यावर लेकीने लॅपटॉप मिटला आणि विचारलं, “आई, आपला गुंटर कोण?”

आमच्या माहेरची गोष्ट मी तिला लहानपणापासून सांगत आले होते, जशी माझ्या वडिलांनी मला सांगितली. सातारा जिल्ह्यात आमचा वाडा होता. कुलकर्णी वतन होतं, जमीन होती. १९४८ साली गांधीजींच्या खुनानंतरच्या जाळपोळीत वाडा जळला. १९५७ साली कूळकायद्यात जमीन गेली. वडील चार भांडी घेऊन पुण्याला आले, वार लावून शिकले, आणि पुढे आम्ही. आपल्यातल्या बऱ्याच घरांतली गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे, आणि त्यातलं काही खोटं नाही. वाडा जळला तेव्हा माझ्या आजीने पोरांना घेऊन रात्र उसात काढली. पण लेकीचा प्रश्न वेगळा होता. तो मी वडिलांना विचारू शकत नव्हते, ते गेले. मग आम्ही दोघींनी पुण्याला आत्याला व्हिडिओ कॉल लावला. आत्या तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांची. टाळेबंदीत तिलाही वेळच वेळ होता.

आत्याला आधी गेम समजावून सांगावा लागला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे आपल्या पणजोबांच्या चोपडीसारखंच की.” कुठली चोपडी? मग तिने सांगायला सुरुवात केली. पणजोबा सावकारीही करत. ओढ्याकाठची सगळ्यात चांगली जमीन मुळात आमची नव्हतीच. एका दुष्काळात एका कुटुंबाने धान्यासाठी ती गहाण टाकली. त्यांनी मुद्दल फेडलं, पण व्याजावर व्याज चढत गेलं आणि जमीन आमच्या नावावर झाली. तेच कुटुंब पुढे त्याच जमिनीवर आमचं कूळ म्हणून राबलं. त्यांची बाई मागच्या दाराने सरपण घेऊन यायची. तिला पाणी द्यायचं ते वरून ओंजळीत. चहासाठी अंगणातल्या कोनाड्यात एक कानतुटकी कपबशी ठेवलेली होती, ती तिने वापरायची आणि तिनेच विसळून ठेवायची. आत्या लहान असताना एकदा तिने खेळता खेळता ती कपबशी घरात आणली, तेव्हा तिला उभ्याउभ्या अंघोळ घातली. “थंडीचे दिवस होते,” आत्या म्हणाली. “अंघोळ माझ्या लक्षात राहिली. ती बाई दारात उभी राहून हे सगळं बघत होती, ते कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.”

लेकीने तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, “मग ती जमीन कूळकायद्यात गेली?”

आत्या म्हणाली, “गेली नाही गं. परत गेली.”

हे दोन शब्द माझ्या वडिलांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी कुणाला कमी लेखल्याचं मला आठवत नाही. जे त्यांना सांगितलं गेलं तेच त्यांनी आम्हाला सांगितलं. चोपडी १९४८ मध्ये वाड्याबरोबर जळली, आणि त्यानंतर ही गोष्ट फक्त आत्याच्या डोक्यात राहिली होती. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा तीन दिवस कुणी काहीच बोललं नाही, एरवी सकाळी सहापासून फुलं येत असतात. मग एका चुलत भावाचा निरोप आला, “जे झालं ते झालं, दिवाळी अंकात कशाला?” दुसऱ्याने लिहिलं, “आजीने उसात रात्र काढली ते विसरलीस का?” नाही विसरले. तेही याच लेखात लिहिलं आहे, दोन परिच्छेद आधी. दोन्ही गोष्टी एकाच घरात घडल्या, त्या एकाच लेखात राहू शकतात असं मला वाटतं. त्या कुटुंबाचं आणि गावाचं नाव मात्र लिहिलेलं नाही, कारण ते सांगायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं.

आता लेक गेमबद्दल काय म्हणते? तिचं मत अजून तेच आहे : व्हूडूचं चित्रण पुरेसं न्याय्य नाही. पण ती हेही म्हणते, की एवढा जुना गेम खेळणाऱ्याला त्याच्याच पूर्वजाच्या चुकीपाशी नेऊन उभा करतो, हे तिला त्यानंतरच्या चकचकीत गेममध्ये फार वेळा भेटलं नाही. पुतण्याच्या मते तरीही दुसरा भागच श्रेष्ठ. नवरा म्हणतो, सगळ्यात उत्तम कोडं आत्याने सोडवलं आणि तेही कागदाशिवाय. माझं स्वतःचं मत असं, की गेमच्या शेवटी खेळणाऱ्याला एक निवड करावी लागते, ती इथे सांगत नाही, आणि ती १९९४ साली मी जितक्या झटकन केली तितक्या झटकन आज होणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कुणाला खेळून बघायचा असेल तर जुनी आणि नवी, दोन्ही आवृत्त्या आजच्या कॉम्प्युटरवर चालतात. खुनांचे प्रसंग रक्ताळलेले आहेत, तेव्हा लहान मुलांना जवळ बसवू नका, कॉलेजातल्या मुलांना जरूर बसवा. पहिल्यांदाच खेळणार असाल तर जुन्यापासून सुरुवात करा. आवाज चालू ठेवा, निवेदिकेला पूर्ण बोलू द्या आणि शेजारी वही ठेवा. विदूषकापाशी अडलात तर मला फोन करा, मी उत्तर सांगणार नाही, पण सोबत देईन.

आणि आत्या यंदा त्र्याण्णव वर्षांची झाली. तिला या अंकाची प्रत पाठवायची आहे. तिचं पाचवं मत तिने परवाच फोनवर दिलं. म्हणाली, “त्या तुझ्या गॅब्रिएलला सांग, आजी जिवंत आहे तोवर सगळं विचारून घे म्हणावं. घड्याळं काय, आज ना उद्या बंदच पडतात.”